साल्झबर्गच्या मिराबेल राजवाड्यातली उन्हाळी मैफल: तिकिटापासून परतीच्या गाडीपर्यंत

दर मे महिन्यात आमच्या म्युनिकच्या मराठी ग्रुपवर तोच मेसेज येतो. आई-बाबा येतायत, त्यांना साल्झबर्गला राजवाड्यात मोझार्टची मैफल ऐकवायचीय, कुठलं तिकीट काढू? खाली पाचसहा लिंक येऊन पडतात, त्यातल्या तीन वेगळ्याच कार्यक्रमांच्या असतात, आणि जुलैत कोणीतरी कळवतं की आम्ही पोचलो पण मैफल डोंगरावरच्या किल्ल्यात होती, नाहीतर मैफल झकास झाली पण परतीची गाडी गेली आणि रात्र स्टेशनात काढली. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण जवळपास सगळे जण आधी तारीख ठरवतात, मग तिकीट काढतात आणि काय वाजवणार आहेत ते हॉलमध्ये बसल्यावर बघतात, म्हणजे बरोब्बर उलटं.

१) आधी ठरवा, नक्की कुठली मैफल

साल्झबर्गमध्ये उन्हाळ्यात एकाच संध्याकाळी चारपाच ठिकाणी मोझार्ट वाजत असतो, आणि नावं सगळी सारखीच वाटतात. मिराबेल राजवाड्याच्या संगमरवरी हॉलमध्ये, म्हणजे मार्मोरझालमध्ये, होतात त्या श्लॉसकॉन्झर्ट. श्लॉस म्हणजे राजवाडा. इथे दोन ते सातआठ वादक असतात, कंडक्टर नाही, माइक नाही, आणि ऐकणारे वादकांपासून काही फुटांवर. थोडक्यात आपली घरगुती बैठक, फक्त खुर्च्यांवर बसून.

फेस्टुंग्सकॉन्झर्ट म्हणजे होहेनसाल्झबुर्ग किल्ल्यावरची मैफल. ती नदीच्या पलीकडे, डोंगरावर. नाव वाचताना फेस्टुंग आणि फेस्टश्पील यात गोंधळ होतो, मी स्वतः पहिल्या वर्षी किल्ल्याचं तिकीट काढून मिराबेलच्या दारात उभा होतो, चूक शंभर टक्के माझीच. मग डिनरवाली मैफल असते, त्यात जेवणाच्या कोर्सेसच्या मधे मधे गाणी आणि गायक जुन्या वेशात. आणि साल्झबुर्गर फेस्टश्पीले हे तर वेगळंच प्रकरण आहे, १९२० पासूनचा मोठा महोत्सव, जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्ट अखेरपर्यंत, ऑपेरा, नाटक, मोठे ऑर्केस्ट्रा, आणि तिकिटंही त्याच हिशेबाची.

मिराबेलच्या बागेला लागूनच मोझार्टेयुम या संगीतसंस्थेचा मोठा हॉल आहे, त्यामुळे मॅपवर नुसतं "मोझार्ट कॉन्सर्ट" टाकून चालत गेलात तर भलत्याच दारात पोचाल.

*तपासा:* तिकिटावर "श्लॉस मिराबेल" आणि "मार्मोरझाल" हे दोन्ही शब्द हवेत. एकच असेल तर पैसे भरायच्या आधी पत्ता बघा, मिराबेलप्लात्स ४ असायला हवा.

२) तारखेच्या आधी कार्यक्रम वाचा

मैफली उन्हाळाभर चालतात पण रोज वेगळा ग्रुप आणि वेगळ्या रचना. म्हणून तुमच्या ट्रिपमधल्या तीनचार शक्य तारखा काढा आणि त्या प्रत्येक दिवशी काय आहे ते वाचा, दिवस मग निवडा.

वाचायचं कसं? आधी वाद्यं बघा. श्ट्राइशक्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. क्लाविअरट्रिओ म्हणजे पियानो, व्हायोलिन, चेलो. ज्यांनी पाश्चात्त्य संगीत कधीच ऐकलं नाहीये त्यांना नुसत्या तंतुवाद्यांची पूर्ण संध्याकाळ जरा एकसुरी वाटू शकते, हे माझं मत, जाणकार रागावतील. अशा पाहुण्यांना पियानो, बासरी किंवा क्लॅरिनेट असलेला दिवस निवडावा. मोझार्टचं क्लॅरिनेट क्विंटेट, म्हणजे क्लॅरिनेट धरून पाच वाद्यांची रचना, केव्ही ५८१ (केव्ही म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), कधी लागलेलं दिसलं तर दुसरा विचार करू नका. त्यातला संथ भाग सुरू झाला की सनई ऐकत मोठी झालेली माणसं आपोआप सरसावून बसतात, हे मी तीनदा बघितलंय.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी दुसरा सोपा दिवस म्हणजे "आइने क्लाइने नाख्टमुझीक", केव्ही ५२५, असलेला. पहिल्या चार सेकंदात सगळे ओळखतात, कारण अर्ध्या जगाच्या फोनवर होल्डला ठेवल्यावर हेच वाजतं. मोझार्टच्या साल्झबर्गमधल्या दिवसांचं काही हवं असेल तर केव्ही १३६ ते १३८ हे तीन दिव्हेर्तिमेंतो, म्हणजे हलक्याफुलक्या रचना, शोधा, १७७२ मध्ये इथेच लिहिलेले, तेव्हा तो १६ वर्षांचा होता, छोटे आहेत आणि पळते आहेत.

*सावध:* नुसतंच "मोझार्ट आणि इतर" असं लिहिलेलं असेल आणि रचनांची नावं नसतील तर थांबा. कार्यक्रम जाहीर झाल्यावर काढा.

३) तिकीट आणि जागा

तिकीट आयोजकांच्या स्वतःच्या साइटवरून काढायचं. सर्चमध्ये सगळ्यात वर येतात त्या बऱ्याचदा दलाल साइट असतात, वर फी लावतात, आणि तारीख बदलायची वेळ आली की फोन कोणी उचलत नाही. रस्त्यावर विग घालून तिकिटं विकणारे लोक व्हिएन्नात भरपूर भेटतात, तिथे त्यांच्याकडून घेतलेलं तिकीट नेमक्या कुठल्या हॉलचं आहे हे बघायची सवय लावली असेल तर इथेही उपयोगी पडेल.

तिकिटावरचे चार शब्द ओळखता आले पाहिजेत. आइनलास म्हणजे दार उघडायची वेळ, बेगिन म्हणजे सुरू व्हायची वेळ, लोक या दोन्हींत गल्लत करतात. आबेंटकासा म्हणजे त्या संध्याकाळची तिकीट खिडकी. आणि फ्राये प्लात्सवाल, हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे तुमच्या कॅटेगरीत कुठेही बसा, आधी येईल त्याला आधी. अशा तिकिटावर खुर्ची नंबर नसतो, म्हणून सहा जणांना एकत्र बसायचं असेल तर आइनलासच्या आधीच दाराशी हवं.

हॉलची जमीन सपाट आहे, थिएटरसारखा उतार नाही. पुढे सहा फुटी बव्हेरियन बसला की संपलं, फक्त आवाज ऐकायचा. त्यामुळे बुटक्या माणसांनी, ज्यात आमचं पूर्ण घर येतं, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची धरावी. पियानो असेल तर वादकांकडे तोंड करून डाव्या बाजूला बसा, तिथून हात दिसतात. आणि महागडी कॅटेगरी घ्यायचीच असं काही नाही, एवढ्याशा हॉलमध्ये मागेही स्वच्छ ऐकू येतं, फक्त बघायला कमी मिळतं.

गुडघ्यांचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर तिकीट काढायच्या *आधी* आयोजकांना मेल करा. हॉल वरच्या मजल्यावर आहे आणि नेहमीची वाट दगडी जिन्याने जाते. लिफ्टची सोय कशी होईल ते लेखी विचारून घ्या, दारात गेल्यावर विचारायची गोष्ट नाही ही.

४) परतीची गाडी, जाण्याच्या गाडीच्या आधी

म्युनिकहून जाणाऱ्यांसाठी हा सगळ्यात जास्त चुकणारा टप्पा. मैफल बहुतेक वेळा रात्री आठच्या सुमारास सुरू होते, साधारण दीड तास चालते, वर एखादी जादा रचना, मग जिना, फोटो, स्टेशनपर्यंत चालणं. म्हणजे स्टेशनात पोचायला दहा वाजून जातात आणि रात्रीच्या रिजनल गाड्या विरळ होत जातात. म्हणून आधी परतीची शेवटची आणि *शेवटच्या आधीची* गाडी शोधायची. शेवटच्या आधीची मिळत असेल तरच एका दिवसात परत यायचा बेत करा. फक्त शेवटचीच मिळणार असेल तर सरळ मुक्काम धरा, त्या एका गाडीवर सगळी मदार ठेवायची नाही.

डॉइचलांडटिकेट (जर्मनीभरचा महिन्याचा पास) आणि बायर्नटिकेट (बव्हेरियाचं एका दिवसाचं तिकीट) दोन्ही साल्झबर्ग हाउप्टबानहोफपर्यंत, म्हणजे मुख्य स्टेशनपर्यंत, चालतात, सीमेपलीकडचं स्टेशन असलं तरी. पण रिजनल गाडीतच. त्याच प्लॅटफॉर्मवरून रेलजेट आणि युरोसिटी या जलद गाड्या सुटतात, त्यात ही तिकिटं चालत नाहीत, आणि घाईत माणूस जी समोर येईल तीत चढतो. रिजनलला दोन तासांच्या आतबाहेर लागतात, जलद गाडीला दीडच्या आसपास. बायर्नटिकेट सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत, त्यामुळे परतीला मध्यरात्र उलटली तरी काळजी नाही. साल्झबर्ग शहरातल्या बसला यातलं काही चालत नाही, पण स्टेशन ते मिराबेल पायी १५ मिनिटं, बस लागतच नाही.

*तपासा:* त्या आठवड्यात रेल्वेच्या ॲपवर पुन्हा बघा. "एसईव्ही" दिसलं तर गाडीऐवजी मधल्या पट्ट्यात बस आहे, वेळ भरपूर वाढतो. उन्हाळ्यात रुळांची कामं काढतातच.

*सावध:* सगळ्यांचे पासपोर्ट बरोबर हवेत, इथे राहणाऱ्यांचं रेसिडेन्स कार्डही. शेंगेन आहे म्हणून ऑस्ट्रियाचा वेगळा व्हिसा लागत नाही हे खरं, पण जर्मनीत परत येताना तपासणी २०१५ पासून चालू आहे. फोनमधला फोटो दाखवून दरवेळी भागेल असं समजू नका. लिस्बनहून आलेल्या आमच्या मावसभावाचा पासपोर्ट म्युनिकच्या घरी ड्रॉवरमध्ये होता, ती परतीची अर्धी वाट आम्ही कोणीच धड बोललो नाही.

५) आठवडाभर आधी थोडं ऐकून ठेवा

नवीन राग पहिल्यांदा ऐकताना जे होतं तेच इथे होतं, दहा मिनिटं कशाला काय म्हणायचं तेच कळत नाही. जी रचना वाजणार आहे ती घरात तीनचार वेळा लावा, स्वयंपाक करताना, भांडी घासताना. लक्ष देऊन ऐकायची गरज नाही. प्रत्यक्ष मैफलीत ती सुरावट परत आली की आपोआप ओळख पटते, सगळी मजा त्यातच आहे.

एवढंच करताना एक गोष्ट मोजा: भाग किती. यांना मूव्हमेंट म्हणतात. केव्ही ५२५ चे चार, केव्ही १३६ चे तीन, शूबर्टच्या "ट्राउट" क्विंटेटचे पाच. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा, पुढे सातव्या टप्प्यात तो कामाला येतो.

६) कपडे, पिशवी, पोट

कपडे नीटनेटके, बस. सूट लागत नाही, साडी मस्त दिसते, सलवार कुर्ता उत्तम. हाफपँट आणि ट्रेकिंगचे बूट नकोत. महत्त्वाचं म्हणजे टाचा: भिंतींना संगमरवर आहे, आवाज घुमतो, उशिरा आलेल्या टकटक सँडलकडे सगळा हॉल वळून बघतो. जुन्या हॉलमध्ये आधुनिक थिएटरसारखा एसी धरून चालू नका, जुलैत भरलेल्या खोलीत दमट होतं, तेव्हा सुती कपडे, आणि रात्री स्टेशनवर गारठा म्हणून एक पातळ जॅकेट. छत्री हवीच. साल्झबर्गचा पाऊस तासन्‌तास बारीक धारेने लागतो, तिथले लोक त्याला श्न्यूरलरेगन म्हणतात, दोऱ्यासारखा पाऊस. ओली छत्री आणि सॅक गार्डरोबंमध्ये, म्हणजे सामान ठेवायच्या काउंटरवर, द्यायची, हॉलमध्ये न्यायची नाही. मोठ्या बॅगा आधीच स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका.

पोटाचं असं की सहाच्या सुमारास व्यवस्थित खाऊन घ्या. मैफलीनंतर खाऊ म्हणून बसलेल्यांना रात्री दहानंतर किचन बंद झालेली हॉटेलं भेटतात. शाकाहारी लोकांनी डबा आणावा आणि बागेतल्या बाकावर खावा, ठेपले, दशम्या, काहीही. रविवारी शहरातली दुकानं बंद असतात, स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं मिळतं. हॉलमध्ये मात्र खाऊची पिशवी पर्सच्या तळाशी गेली पाहिजे. खोकल्याची गोळी हवी असेल तर रॅपर *आधी* काढून रुमालात ठेवा. शांत भागात तो कागद उलगडायला लागतो तो वेळ, शपथ सांगतो, पूर्ण आलापाएवढा वाटतो.

७) राजवाड्यात: जिना, खुर्ची आणि टाळ्या

बाग तासभर आधी बघून घ्या, फुकट आहे. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे घाई नाही, पण पेगॅससच्या कारंज्याजवळ फोटोवाल्यांच्या रांगेत अर्धा तास सहज जातो. राजवाडा आतून बघू, राजाच्या खोल्या बघू असं पाहुण्यांना सांगून ठेवू नका. तिथे शहराची ऑफिसं आहेत, महापौर बसतात. बघण्यासारखं आत म्हणजे जिना आणि हॉल. जिना मात्र सावकाश चढा, कठड्यावर दगडातली गुटगुटीत बाळं लोळतायत, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, एक तर चक्क घसरगुंडीवरून उतरल्यासारखं. फोटो तिथेच काढून घ्या आणि फोन तिथेच बंद करा. सायलेंट नाही, बंद, कारण व्हायब्रेट झालेला फोन लाकडी खुर्चीवर भुंग्यासारखा गुणगुणतो.

आता टाळ्या. आपला हात समेवर उठतो, जागा आवडली की वाह निघतोच, लहानपणापासूनचं वळण आहे. इथे रचना पूर्ण संपेपर्यंत एक शब्द नाही, दोन भागांच्या मधेही टाळी नाही. भाग संपतो, पाचदहा सेकंद शांतता, कोणी खोकून घेतं, वादक तारा जुळवतात, पुढचा भाग. तारा जुळवतायत म्हणजे इंटरव्हल झालं असं समजून बोलायला लागू नका, उकाड्याने सूर उतरतो म्हणून ते चाललेलं असतं.

कार्यक्रमपत्रिका हातात आली की रचनेच्या नावाखालच्या ओळी मोजा, सहसा एक ओळ म्हणजे एक भाग. यात तीन फसव्या जागा आहेत:

"मेनुएट्टो – ट्रिओ" ही ओळ म्हणजे एकच भाग. ट्रिओ म्हणजे इथे तीन वादक नाहीत, मेनुएट्टो नावाच्या त्याच नाचाचा मधला तुकडा, तो झाला की पहिला पुन्हा येतो.

"अदाजिओ – अलेग्रो" एकाच ओळीत असेल तर तोही एकच भाग, आधी थोडी विलंबित सुरुवात आणि मग गती.

"अताक्का" लिहिलं असेल तर दोन भागांच्या मधे थांबणारच नाहीत. थांबे मोजायला बसलात तर हा भाग हुकतो.

आणि काही रचना मुद्दाम फसवतात. "ट्राउट"च्या शेवटच्या भागात मधेच असा दणदणीत शेवट येतो की अर्धा हॉल टाळ्या वाजवतो, आणि वादक हसून पुढे वाजवतात. हायडनचं ऑपस ३३ मधलं दुसरं क्वार्टेट तर शेवटाला थांबतं, सुरू होतं, परत थांबतं, आणि संपलं की नाही तेच कळू देत नाही, म्हणूनच त्याला "जोक" म्हणतात.

मग खूण काय? आवाज नाही, हात बघा. गज हवेत असेपर्यंत रचना चालू आहे. पहिल्या व्हायोलिनवाल्याने वाद्य खांद्यावरून खाली घेतलं, मान सैल सोडली की संपलं. तरीही पहिली टाळी आपली नको, दुसरी असू दे.

माझ्या सासऱ्यांना हे सगळं गाडीत दोन तास समजावलं होतं. पुण्यात दर डिसेंबरला सवाईला रात्र रात्र बसलेला माणूस. त्यांनी तोंड घट्ट मिटून ठेवलं, टाळी अजिबात नाही, मी निर्धास्त. रोमान्झं हा संथ भाग सुरू झाला आणि मला टक टक ऐकू यायला लागलं. बघतो तर डोळे मिटून उजव्या हाताने खुर्चीच्या कडेवर ठेका धरलाय, आणि बोटात लग्नातली जाड अंगठी. पुढच्या रांगेतल्या आजीबाई वळल्या, अंगठीकडे बघितलं, सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत पुढे वळल्या. मी हळूच त्यांचा हात उचलून मांडीवर ठेवला. तेव्हापासून आमच्या यादीत आहे: अंगठ्या, बांगड्या, काठी, सगळं आवाज करणारं आधी काढा किंवा रुमालात गुंडाळा.

शेवटी टाळ्या सुरू झाल्या की मात्र हात आखडता घेऊ नका. वादक दोनतीनदा आतबाहेर करतात, भरपूर वाजवल्या तर एखादी छोटी रचना जादा मिळते. पहिल्या टाळीला जॅकेट उचलून पळणारे लोक ती घालवतात.

*तपासा:* दाराकडे जायच्या आधी खुर्चीखाली बघा, आणि गार्डरोबंचा बिल्ला हातात घ्या. एकाच माणसाने सगळ्यांच्या वस्तू घ्यायच्या, बाकीच्यांनी जिन्याखाली थांबायचं, नाहीतर त्या गर्दीत दहा मिनिटं जातात आणि ती दहा मिनिटं तुमच्याकडे नसतात.

८) परत

बागेतून जायचा मोह टाळा, अंधार पडल्यावर दारं बंद झालेली असू शकतात. मिराबेलप्लात्सवरून राइनरश्ट्रासेने सरळ स्टेशन, वाट चुकायला जागाच नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर १५ ऐवजी २५ मिनिटं धरा. गाडीत बसल्यावर पासपोर्ट पिशवीत नाही, वरच्या खिशात ठेवा. फ्राइलासिंगला, म्हणजे सीमेलगतच्या जर्मन स्टेशनात, पोलीस चढतात, डबाभर दिवे लागतात आणि झोपलेल्या माणसाला उठवून कागद मागतात. ते उतरले की म्युनिक येईपर्यंत खुशाल झोपा, आणि आधीच्या म्युनिक ओस्ट स्टेशनला उतरायचं असेल तर अलार्म लावून झोपा.